पाच पक्ष, तीन खाती आणि आमचं एक निवेदन. नक्की भेटायचं कुणाला?

मागवाला_२४
नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा धागा काढतोय, लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आमचे इचलकरंजीत २४ यंत्रमाग. साधे, आज्ज्याच्या वेळेपासूनचे. परवा संघटनेच्या मिटिंगमध्ये मला निवेदन समितीत घातलं, कारण काय तर "तुला कॉम्प्युटर येतोय". विषय नेहमीचाच, वीज सवलत. माझ्या शेडचं महिन्याला ८ हजार युनिटच्या आसपास जातं, म्हणजे युनिटमागं एक रुपया इकडं तिकडं झाला की ८ हजार रुपये, आणि मजुरीवर कापड विणणाऱ्याला ८ हजार म्हणजे काय ते इथल्या निम्म्यांना माहीत असेल.

तर प्रश्न सवलतीचा नाही, प्रश्न आहे जायचं कुणाकडं. मागच्या विधानसभेचं बघा. २०१९ ला भाजप १०५, शिवसेना ५६, राष्ट्रवादी ५४, काँग्रेस ४४. महाविकास आघाडी आली तेव्हा वस्त्रोद्योग अस्लम शेख, ऊर्जा नितीन राऊत, दोघं काँग्रेसचे, पण पैसा देणारं अर्थखातं अजितदादांकडं आणि मुख्यमंत्री शिवसेनेचे. आमच्या वडीलधाऱ्यांनी तिन्हीकडं चपला झिजवल्या, शाल झाली, फोटो झाला, आणि जून २०२२ ला सरकारच गेलं. मग वस्त्रोद्योग चंद्रकांतदादांकडं, ऊर्जा आणि अर्थ फडणवीसांकडं, म्हणून नवीन निवेदन. जुलै २०२३ ला अर्थखातं परत अजितदादांकडं. म्हणजे एकाच माणसाला एकाच विषयाचं निवेदन, पण दोन वेगळ्या सरकारांत, आणि मधल्या काळात त्यांचा पक्षच दोन झालेला!!

आता आमच्यात दोन तट पडलेत. एक म्हणतो सत्तेतला सगळ्यात मोठा पक्ष धरा आणि गप बसा, दुसऱ्यांच्या दारात गेलात की यांना राग येतो. दुसरा म्हणतो सगळ्यांना द्या, कोण कधी कुठं जाईल सांगता येत नाही. माझा स्वतःचा अनुभव असा की एका विरोधी आमदाराला निवेदन देतानाचा फोटो कुणीतरी ग्रुपवर टाकला आणि तासाभरात दुसऱ्या पक्षाच्या एका कार्यकर्त्याचा फोन, "काय मालक, तिकडचे झाला काय?" मला निवडणूक लढवायची न्हाई हो, मला बिल भरायचंय.

तुम्ही लोक काय करता? फक्त यंत्रमाग नाही, कुठलाही धंदा चालेल.

पुणेरी_पाटी
वाचतोय. चहा ठेवलाय.

सरळ_प्रश्न
पण आता कुठे राहिलंय हे त्रांगडं? २०२४ च्या निकालात भाजप १३२, शिंदे ५७, अजितदादा ४१, बेरीज २३०, आणि सभागृह २८८ चं. विरोधकांत सगळ्यात मोठी ठाकरेंची सेना, तिचे २०, त्यामुळे विरोधी पक्षनेतेपदासाठी जी १० टक्क्यांची, म्हणजे २९ ची अट सांगतात ती कुणालाच पुरी करता आली नाही. तुमचा प्रश्न २०२२ चा आहे.

भिवंडीकर_ताई
@सरळ_प्रश्न बेरीज बरोबर आहे, पण तीन पक्षांचं सरकार असलं की एकाच्या खात्याची फाईल दुसऱ्याच्या टेबलावर जाते आणि तिसरा म्हणतो श्रेय कुणाला? आमच्या सासऱ्यांचे माग आहेत, मी हिशोब बघते, त्यामुळे हे रोजचं आहे.

@मागवाला दादा, तुम्ही खाती मोजलीत, मी तुम्हाला मतदारसंघ मोजून दाखवते. २०१९ च्या सभागृहात यंत्रमागवाल्या गावांचे आमदार आठवा. मालेगाव मध्य मुफ्ती इस्माईल, एमआयएम. मालेगाव बाह्य दादा भुसे, शिवसेना. आमचं भिवंडी पूर्व रईस शेख, समाजवादी. भिवंडी पश्चिम महेश चौघुले, भाजप. सोलापूर मध्य प्रणिती शिंदे, काँग्रेस. तुमचे प्रकाश आवाडे, अपक्ष. विट्याकडचे अनिल बाबर, शिवसेना. एका धंद्याचे सात आमदार आणि पक्ष किती झाले बघा!

लोक म्हणतात हे दुर्दैव. मला तर हे घबाड वाटतं, कारण सरकार कुठलंही येऊ दे, यातले दोनतीन जण सत्तेत असणारच आणि दोनतीन विरोधात असणारच. आतला फाईल ढकलतो, बाहेरचा सभागृहात ओरडतो. दोघांच्या हातात कागद एकच पाहिजे, एवढंच.

आणि हे झालेलंही आहे. यंत्रमागाचे प्रश्न बघायला सरकारने दादा भुसेंच्या अध्यक्षतेखाली समिती केली, त्यात रईस शेख होते, आवाडे होते, बाबर होते. सत्तेतला मंत्री, विरोधातला आमदार, अपक्ष, सगळे एका टेबलाला. त्यानंतर मार्च २०२४ मध्ये जादा सवलत मंजूर झाली, २७ एचपीच्या आतल्यांना युनिटमागे १ रुपया आणि त्यावर २०१ एचपीपर्यंत ७५ पैसे. लोकसभा तोंडावर होती म्हणून झालं असं कुणी म्हणेल, म्हणू दे. पण निवडणूक तोंडावर येते तेव्हा कागद तयार असावा लागतो ना!

मागवाला_२४
ताई, हे डोक्यातच आलं नव्हतं. आम्ही मालेगाव भिवंडीला कॉम्पिटिशन समजतोय आजपर्यंत 😅

अर्धा_सेवक
मी मंत्रालयातून कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झालो, खातं सांगत नाही. निवेदनाचं पुढे काय होतं ते सांगतो, म्हणजे निम्मी शाल वाचेल.

मंत्र्यांच्या हातात दिलेलं निवेदन स्वीय सहायकाकडे जातं, त्यावर शेरा पडतो, "सादर करावे" किंवा "तपासून उचित कार्यवाही". मग ते विभागात येतं, आवक क्रमांक पडतो, कार्यासनात, म्हणजे तो विषय बघणाऱ्या टेबलावर, पोचतं. तिथे माझ्यासारखा एक माणूस बसलेला असतो. त्याच्यापुढे तुमचं चार पानी निवेदन असतं ज्यात पहिली तीन पानं वस्त्रोद्योगाचा गौरवशाली इतिहास आणि चौथ्या पानावर "तरी योग्य तो न्याय मिळावा". न्याय म्हणजे किती रुपये, बजेटमधल्या कुठल्या लेखाशीर्षातून, कुठल्या जीआरमधली कुठली अट बदलून, ते कुठेच नाही. मी टिप्पणी काय लिहू? पैशाचा विषय असला की फाईल वित्त विभागाच्या अभिप्रायाला जाते आणि वित्त विभागाचा अभिप्राय काय असतो हे तुम्हाला कुठल्याही सरकारात विचारलं तरी सांगता येईल.

मंत्री बदलतो, कार्यासन तेच राहतं. पाच वर्षांत तीन सरकारं झाली तेव्हा फाईल कुठे आहे हे ज्याला माहीत होतं त्याचंच काम झालं. म्हणून आवक क्रमांक घ्या. फोटो नंतर.

दुसरं, आमदाराकडून काय मागायचं ते ठरवून जा. "आमच्याकडे लक्ष द्या" ही मागणी नाही. तारांकित प्रश्न मागा, लक्षवेधी मागा. तारांकित प्रश्न लागला की विभागाला आकडे जमवून लेखी उत्तर करावंच लागतं, ते सचिवांपर्यंत जातं, मंत्री वाचतात. प्रश्नावर वेगवेगळ्या पक्षांच्या सदस्यांची नावं एकत्र असतात, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही, त्यामुळे तुमच्या फोटोवाल्या कार्यकर्त्याचा प्रश्नही मिटला. "हे खरे आहे काय?" ला उत्तर "हे अंशतः खरे आहे" असं आलं की समजायचं, आपला पाय दारात आहे. ते उत्तर कापून फाईलला लावा, पुढचं निवेदन तिथून सुरू करा.

आणि विधान परिषद विसरू नका. ७८ जणांच्या त्या सभागृहात पदवीधरांचे ७, शिक्षकांचे ७ असतात, यातल्या बऱ्याच जणांना मतदारसंघाच्या गटारीपलीकडचे विषय हवे असतात.

मालाड_व्हाया_मिरज
काका, "सादर करावे" वर एक वेगळा धागा काढा, प्लीज.

टॅक्सवाला_सीए
थोडं मोठं उदाहरण देतो, कारण हे फक्त लहान धंद्याचं नाही. जीएसटी आठवा. लोकसभेत सरकारचं बहुमत, राज्यसभेत नाही, तिथे तुकडे तुकडे. मे २०१५ ला लोकसभेत मंजूर झालेलं घटनादुरुस्ती विधेयक ३ ऑगस्ट २०१६ ला राज्यसभेतून बाहेर पडलं, २०३ विरुद्ध ०, अण्णाद्रमुक बाहेर निघून गेली होती. मधल्या काळात काँग्रेसच्या तीन अटी होत्या: आंतरराज्य विक्रीवरचा जादा १ टक्का कर काढा, १८ टक्क्यांची मर्यादा घटनेत लिहा, तंट्यांसाठी स्वतंत्र यंत्रणा करा. यातला १ टक्का उद्योगांनाही नको होता, करावर कर चढतो म्हणून ते कंठशोष करत होते. शेवटी तो निघाला, १८ टक्के मात्र घटनेत गेले नाहीत. म्हणजे धंदेवाल्यांची मागणी आणि विरोधकांची अट जिथे एकमेकांवर बसली तेवढंच सुटलं, कारण ते सोडून देताना सरकारला आपण उद्योगांचं ऐकलं म्हणता आलं आणि विरोधकांना आपण वाकवलं म्हणता आलं.

राज्यातलं तर अजून मजेशीर. जकात जाणार म्हणून वाहतूकदार आणि व्यापारी खूश, पण मुंबई महापालिकेचं काय? वर्षाला जवळपास ७ हजार कोटींचं उत्पन्न, आणि पालिका शिवसेनेकडे, जी सरकारात भाजपबरोबर बसून रोज सरकारला बोल लावत होती. २०१७ च्या मे महिन्यात खास अधिवेशन झालं, नुसता जीएसटी कायदा नाही झाला, महापालिकांना भरपाई देण्याचा कायदा सोबत झाला, दरवर्षी ८ टक्के वाढीसकट, आणि जुलैत ६४७ कोटींचा पहिला धनादेश वाजतगाजत पालिकेत गेला. त्या काळात "जकात नाका बंद करा" एवढंच ओरडणाऱ्या व्यापाऱ्याला मित्रपक्ष का अडून बसलाय ते कळत नव्हतं. समोरच्याचं भोक कुठं पडतंय ते बघा आणि ते बुजवायचा मार्ग आपल्या निवेदनातच लिहा.

खवट_खवय्या
एवढं सगळं लिहिलंत, पाकिटाचा विषय कुणीच काढेना 🙂 पाच पक्ष म्हणजे पाच वर्गण्या. आमच्या हॉटेल लाईनीत गणपती, दहीहंडी, वाढदिवसाचे फ्लेक्स, सगळ्यांचे वेगवेगळे. पूर्वी एका नेत्याचा एक वाढदिवस असायचा, आता पक्ष फुटले तसे वाढदिवसही दुप्पट झाले.

टॅक्सवाला_सीए
@खवट_खवय्या हसलो, पण गंभीरपणे सांगतो. कंपनी असेल तर कंपनी कायद्याचं कलम १८२ वाचा: बोर्डाचा ठराव लागतो, रोख देता येत नाही, तीन वर्षं न झालेल्या कंपनीला देताच येत नाही. २०१७ ला नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा काढली होती, १५ फेब्रुवारी २०२४ ला सुप्रीम कोर्टाने निवडणूक रोख्यांबरोबर तेही रद्द केलं. निवेदनाच्या आठवड्यात देणगीचा चेक, हे तर करूच नका, कोणत्याही पक्षाला. आणि रोख रकमेच्या गोष्टी इथे विचारू नका, मी उत्तर देणार नाही.

मांडवीकाठ
गोव्यातून लिहितो. तुमच्याकडे निदान सभागृहाच्या हातात काहीतरी आहे. आमच्याकडे २०१७ ला ४० च्या विधानसभेत काँग्रेस १७, भाजप १३, मगो ३, गोवा फॉरवर्ड ३, अपक्ष ३, राष्ट्रवादी १. सरकार कुणी केलं ते सगळ्यांना माहीत आहे. पुढच्याच वर्षी ७ फेब्रुवारीला सुप्रीम कोर्टाने ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं आणि मार्चच्या मध्यावर खाणी बंद झाल्या. माझ्या भावाचे दोन ट्रक होते. आम्ही सगळ्या पक्षांकडे गेलो, खरंच सगळ्या, आणि गंमत म्हणजे एकानेही नाही म्हटलं नाही. खाणी सुरू व्हायला पाहिजेत यावर चाळीसही जण तोंडाने एकच! काय उपयोग? किल्ली दिल्लीत आणि कोर्टात. एक ट्रक विकला, दुसरा वाळूवर घातला.

म्हणून आधी हे बघा की तुमची गोष्ट विधानसभेच्या हातातली आहे का. नसली तर सगळे पक्ष तुम्हाला हो म्हणतात, फुकटात पडतं त्यांना.

अर्धा_सेवक
मांडवीकाठ यांनी फार मोलाचं सांगितलं. यंत्रमागाच्या बाबतीत: वीज दर विधानसभा ठरवत नाही, वीज नियामक आयोग ठरवतो, त्याची जनसुनावणी असते, तिथे कुठल्याही ग्राहकाला लेखी हरकत देता येते, आमदार लागत नाही. सवलत मात्र सरकारची. आणि वीज कायद्याच्या कलम ६५ प्रमाणे ती रक्कम सरकारने आगाऊ भरायची असते. म्हणजे जीआर निघाला म्हणून पेढे वाटू नका, पुरवणी मागण्यांत तरतूद आली का बघा. मी जीआर निघून पैसे न आलेल्या फायली पाहिल्यात, जाड होत्या.

प्लॅस्टिकबंदीचंही तसंच. मार्च २०१८ ला ती आली ती अधिसूचनेने, मुळातला कायदा २००६ चा. ज्यांनी विधेयक येईल, चर्चा होईल, मग बघू असं म्हटलं ते बघतच राहिले.

सरळ_प्रश्न
ठीक आहे, माझा मुद्दा अर्धा मागे घेतो. पण सगळ्यांकडे जाण्याचा तोटाही आहे ना. तुम्ही पाच जणांना भेटलात की पाचही जण म्हणतात हे आमच्यामुळे झालं, आणि नाही झालं तर दुसऱ्यामुळे.

भिवंडीकर_ताई
घेऊ द्या की श्रेय! आमच्या इथे एकाच सवलतीचे तीन फ्लेक्स लागले होते, तिन्हीवर वेगळे हात जोडलेले. बिल तिघांच्याही फोटोंनी सारखंच कमी झालं.

आयंडहोवनचा_अण्णा
जरा लांबून. मी नेदरलँड्समध्ये चिप मशीनच्या लाईनीत, इथे आपले मराठी लोक बरेच आहेत. इथल्या संसदेचं मुख्य सभागृह १५० जणांचं आणि नोव्हेंबर २०२३ ला त्यात १५ पक्ष निवडून आले, सगळ्यात मोठ्याला ३७ जागा. सरकार बसायला पुढचा जुलै उजाडला. २०२३ लाच इथल्या संसदेने बाहेरून येणाऱ्या इंजिनिअरांची करसवलत कापली, पगाराचा ३० टक्के भाग करमुक्त असायचा, त्याची टप्प्याटप्प्याने ३०, २०, १० अशी उतरती भाजणी. ही सरकारची योजना नव्हती, एका सदस्याने आणलेली दुरुस्ती, आणि निवडणुकीच्या तोंडावर ती पास झाली. आमच्यातल्या निम्म्यांनी घराच्या हप्त्याचे हिशोब परत केले.

इथली चिप मशीन बनवणारी मोठी कंपनी एएसएमएल जाहीरपणे म्हणाली, माणसं येणार नसतील तर आम्ही दुसरीकडे वाढू. मार्च २०२४ मध्ये काळजीवाहू सरकारने आयंडहोवन भागासाठी अडीच अब्ज युरोंचं पॅकेज काढलं, घरं, रेल्वे, शिक्षण यासाठी. पैसे कंपनीला नाही, गावाला, म्हणून त्याला नाही म्हणणं बऱ्याच पक्षांना जड गेलं. करसवलतीची भाजणीही पुढे रद्द होऊन २०२७ पासून सरसकट २७ टक्के ठरली. एवढी मोठी कंपनी असली की धमकी चालते, मागवाल्याची चालणार नाही. पण मागणी गावाची म्हणून मांडायची, ती युक्ती कुणालाही वापरता येईल.

मागवाला_२४
अण्णा, आमच्याकडं पण "आम्ही कर्नाटकात जातो" म्हणून झालंय, चार किलोमीटरवर हद्द आहे असं भाषणात सांगतात. वीस वर्षं झाली, कुणी गेलं न्हाई, आणि मंत्र्यांना ते माहीत आहे 😂

एक अडचण कुणी बोललं नाही ती सांगतो. आमच्यातच एकमत नाही. माझ्यासारखा २७ एचपीच्या आतला वेगळा, ऑटोलूमवाला (आधुनिक मागवाला) वेगळा, सायझिंगवाला (सुताला खळ लावणारा) वेगळा. मालेगावच्या साध्या मागाला जे पाहिजे ते इथल्या एअरजेटवाल्याला नको. मागं एकदा आमची दोन शिष्टमंडळं एकाच दिवशी मुंबईत दोन वेगळी निवेदनं घेऊन पोचली होती, समोरच्यानं दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि म्हणाला, "आधी तुमचं ठरवून या." त्यात सगळे पक्ष कसे एका आवाजात बोलतील?

भिवंडीकर_ताई
म्हणून एकच मागणी घ्या दादा, जी सगळ्यांना चालेल. सवलतीसाठीच्या नोंदणीची कटकट सोपी करा, ही घ्या ना, त्यात कुणाचाच तोटा नाही. दराचं भांडण आपण आपल्यात नंतर भांडू.

माथाडी_नातू
हे वाचून आजोबांची आठवण झाली. तुम्ही धंदेवाले आत्ता जे शिकताय ते माथाडींनी कधीचं केलंय. कायदा १९६९ चा. आज माथाडींचे नेते वेगवेगळ्या पक्षांत आहेत, निवडणुकीत वेगवेगळ्या बाजूंना असतात, पण २०२३ ला माथाडी कायद्यात बदलाचं विधेयक आलं तेव्हा सगळे एका बाजूला. मालक लोकांना हे बदल हवे होते आणि त्यांचं म्हणणं अगदीच खोटं होतं असंही नाही, माथाडीच्या नावाखाली खंडणी घेणारे आहेत, आम्हालाही त्यांचा राग आहे. पण मालक गेले फक्त मंत्र्यांकडे. आम्ही प्रत्येक पक्षातल्या आमच्या माणसाकडे.

पुणेरी_पाटी
चहा संपला. धागा मात्र राजकारणावर असून कुणीही कुणाला ट्रोल म्हटलं नाही, नोंद व्हावी.

मागवाला_२४
अपडेट देतो, कारण बऱ्याच जणांनी व्यनि (खाजगी मेसेज) केलेत.

काल मिटिंग झाली, साडेतीन तास, मधे दोनदा भजी. निवेदन चार पानांवरून एका पानावर आणलं. इतिहास कापला तेव्हा आमचे एक ज्येष्ठ सभासद रुसले, शेवटी इचलकरंजीला म्हणतात तो "मँचेस्टर" हा शब्द एकदा ठेवला. मागणी एकच, नोंदणीची. कुठल्या जीआरमधली कुठली अट, ती कशी बदलावी त्याचं वाक्य आम्हीच लिहून दिलंय, काकांनी सांगितल्याप्रमाणं. सगळ्या आमदारांना एकच मजकूर, वरचं "मा. श्री." तेवढं वेगळं. फोटो कुणाबरोबरच काढायचा नाही असा ठराव मांडला होता, तो ७ विरुद्ध ११ नं पडला. आता सगळ्यांबरोबर काढायचा आणि एकाच दिवशी टाकायचा असं ठरलंय.

ताई, तुमच्या ओळखीनं मालेगावच्या संघटनेशी फोन झाला. माणूस सरळ बोलला, म्हणाला तुमची लोकं पहिल्यांदाच फोन करताय. सही करायला तयार आहेत, पण कागदाची एक प्रत उर्दूत पाहिजे म्हणाले, त्यांच्या सभासदांत वाटायला. इथं कुणाला उर्दू टायपिंग येतं काय? शुक्रवारपर्यंत पाहिजे.